शांघायच्या महागड्या भोजनालयात दहा जणांचे जेवण: आधी करायची तयारी

शांघायच्या स्थानिक पाककलेला तेथे ‘बेनबांग’ म्हणतात. या पद्धतीच्या भोजनालयात पदार्थ माणशी वाढून येत नाहीत, तर गोल मेजावरील फिरत्या चकतीवर येतात, सगळे त्यातूनच घेतात आणि शेवटी बिलही एकच येते. काय मागवायचे, किती मागवायचे आणि कोणी किती पैसे द्यायचे हे प्रश्न मेनू हातात आल्यावर सोडवायला घेतले, तर जो मोठ्याने बोलतो त्याचेच चालते आणि भिडस्त माणूस न खाल्लेल्या पदार्थांचे पैसे भरून घरी जातो. म्हणून खालील गोष्टी आठवडाभर आधी ठरवून घ्याव्यात.

सर्वप्रथम माणसांची नक्की संख्या घ्यावी. मोठे मेज साधारणपणे दहा जणांचे असते. बारा जण झाल्यास मोठे मेज मिळेल की दोन मेजांवर बसावे लागेल हे विचारावे, कारण दोन मेजे म्हणजे दोन वेगळ्या मागण्या. स्वतंत्र खोली हवी असेल तर किमान किती खर्चाची अट आहे, सेवाशुल्क वेगळे लागते का आणि चहाचे पैसे माणशी धरतात का, हे आरक्षण करतानाच स्पष्ट करून घ्यावे. वेळ संध्याकाळी सहा-साडेसहाची ठेवावी. आपल्याला रात्री नऊला जेवायची सवय असली तरी तेथील अनेक स्वयंपाकघरे त्या सुमारास नव्या मागण्या घेणे बंद करतात.

त्यानंतर पैशांचा विषय काढावा, आणि तो संकोच न करता काढावा. चिनी रीतीप्रमाणे बोलावणारा यजमान पूर्ण बिल देतो. समान वाटणी करायची असेल तर निमंत्रणातच तसे लिहावे आणि माणशी वरची मर्यादा, समजा ५०० युआन, सर्वांना मान्य आहे का ते विचारावे. एखाद्याने नाही म्हटले तर त्याला कारण विचारू नये, मर्यादा खाली आणावी. मद्याचा हिशेब पहिल्यापासून वेगळा ठेवावा, कारण न पिणाऱ्याने इतरांच्या मद्याचे पैसे भरणे मला कधीच न्याय्य वाटलेले नाही.

सर्वांत जास्त वेळ कोण काय खात नाही या चौकशीला द्यावा. माझ्या एका शाकाहारी सहकाऱ्याने अशाच एका जेवणात दोन तास काकडी आणि काओफू (गव्हाच्या प्रथिनाचा एक पदार्थ) एवढ्यावर काढले आणि वाटणीचे पैसे मात्र इतरांइतकेच दिले. त्या संध्याकाळची तयारी माझ्याकडे होती आणि ती रुखरुख अजून गेलेली नाही. ‘मांसाहार चालतो का’ एवढे विचारून भागत नाही. डुकराचे मांस, गोमांस, कवचधारी जलचर, शेंगदाणे, गहू आणि मद्य यांची प्रत्येकाकडे वेगवेगळी चौकशी करावी. या स्वयंपाकात डुकराचे मांस जेथे दिसत नाही तेथेही असते: शाओलोंगबाओ या वाफवलेल्या मोदकासारख्या पदार्थातील रस्सा हा बहुधा डुकराच्या कातडीचा गोठवलेला अर्क असतो, जो वाफेवर वितळतो, आणि खेकड्याच्या शाओलोंगबाओतही सारणाचा आधार सहसा डुकराचाच असतो. कांदापातीच्या तेलातल्या साध्या दिसणाऱ्या नूडल्समध्ये अनेकदा सुकी कोळंबी पडते. मेथीच्याच कुळातील त्साओथोऊ ही तीन पानांची भाजी पाहून मराठी माणसाला घरची आठवण येते खरी, पण तिच्यावर कडक मद्य शिंपडतात आणि ती पुष्कळदा डुकराच्या चरबीत परततात. ‘दारूतली कोंबडी’ हा थंड पदार्थ शिजवल्यानंतर शाओशिंग वाइनमध्ये मुरवलेला असतो, त्यामुळे त्यातील मद्य उडून गेलेले नसते.

शाकाहारी मंडळींसाठी काओफू हा खात्रीचा आधार आहे: गव्हाच्या प्रथिनाचे जाळीदार तुकडे, काळी कानबुरशी, शेंगदाणे आणि गोडसर सोया सॉस. त्याच्या जोडीला मालानथोऊ ही पालेभाजी सुक्या टोफूबरोबर बारीक चिरलेली, आणि वसंतात सोयामध्ये शिजवलेले बांबूचे कोंब असे किमान चार पदार्थ त्यांच्यासाठी राखावेत. मेनूवर भाजीचे नाव असले म्हणजे रस्साही निरामिष असेल असे नव्हे. म्हणून ‘मांस, मासे, मांसाचा रस्सा आणि प्राण्यांची चरबी नको’ हे वाक्य चिनी लिपीत लिहून घ्यावे आणि आरक्षणाच्या वेळीच पाठवावे.

पदार्थांची यादी करताना या पाककलेचा स्वभाव ध्यानात घ्यावा. ती तेलाने दाट आणि सोयाने लालसर असते, खडीसाखरेचा गोडवा तिच्यात ठळक असतो आणि तिखटपणा जवळपास नसतोच. मुंबई-पुण्याच्या ‘शेजवान’ चवीची अपेक्षा घेऊन येणाऱ्यांना हे आधी सांगावे. होंगशाओ रोऊसारखा लाल रश्श्यातला जड मांसपदार्थ एकच घ्यावा. दहा जणांना चार-पाच थंड पदार्थ, सहा-सात गरम, एक सूप आणि शेवटी नूडल्स किंवा भात पुरतात. चिकट भाताचे सारण भरलेले ‘आठ रत्नांचे बदक’ हवे असल्यास ते आदल्या दिवशी सांगावे लागते. शाओलोंगबाओच्या टोपलीत किती नग येतात ते विचारून माणशी हिशेब जुळवावा.

ज्या पदार्थापुढे किमतीऐवजी ‘आजचा भाव’ लिहिलेला असतो तेथे विशेष जपावे. जिवंत मासा बहुधा जिनवर, म्हणजे ५०० ग्रॅमवर, विकला जातो. मेनूवरचा आकडा संपूर्ण माशाचा समजला की बिल तिप्पट होते. मासा कापण्यापूर्वी वजन आणि एकूण रक्कम वदवून घ्यावी.

शरद ऋतूत जेवण असेल तर केसाळ खेकड्याचा निर्णय स्वतंत्रपणे करावा. चिनी चांद्र पंचांगाच्या नवव्या महिन्यात मादी आणि दहाव्यात नर उत्तम, असा तेथील संकेत आहे. सुझोऊजवळील यांगछंग सरोवराच्या खेकड्यांना सर्वाधिक मान आहे. हा खेकडा वाटून खाता येत नाही, प्रत्येकाला एक लागतो, आणि आले घातलेल्या काळ्या व्हिनेगरसोबत तो सोलून खायला अर्धा तास सहज जातो. म्हणून ज्यांना हवा त्यांचीच नावे घ्यावीत, पैसे त्यांच्याच खाती लावावेत आणि बाकीच्यांसाठी सोललेल्या खेकड्याचे मांस घातलेला टोफू मागवावा, जो चमच्याने सर्वांना घेता येतो.

त्या दिवशी दोन माणसांच्या फोनमध्ये अलिपे किंवा वीचॅट पे हे पैसे भरण्याचे ॲप तपासून ठेवावे. परदेशी कार्ड जोडले असेल तर २०० युआनपेक्षा मोठ्या व्यवहारावर ३ टक्के शुल्क लागते. ते वाटणीत धरावे. बक्षिशी देण्याची रीत नाही. प्रत्येक पदार्थासाठी सामायिक चॉपस्टिक्स मागून घ्याव्यात. उरलेले अन्न बांधून नेण्यात कमीपणा नाही. अन्नाची नासाडी रोखणारा चीनचा कायदा २९ एप्रिल २०२१ पासून लागू आहे आणि डबे मागितले की मिळतात. बिलाचा फोटो काढून त्याच रात्री सर्वांना पाठवावा, खेकडे आणि मद्य वजा करून प्रत्येकाचा आकडा त्याखाली लिहावा, आणि शाकाहारी मंडळींच्या नावापुढे त्यांनी खाल्ले तेवढेच मांडावे.