मंडळाच्या खोलीत हातकामाचा वर्ग कसा सुरू करावा

विसर्जन झालं की मंडळाच्या खोलीला कुलूप लागतं. ढोल, मंडपाचे बांबू, गेल्या वर्षीचे फ्लेक्स आत धूळ खात पडतात. तीच खोली आठवड्यातून एक संध्याकाळ उघडली तरी वर्ग सुरू होतो.

असं काम महाराष्ट्रात नवं नाही. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथं मुलं वेल्डिंग, वीज, शेती, स्वयंपाक करत करत शिकतात आणि गावाला लागणारी कामंही करून देतात. आपल्याला एवढा पसारा नको, पण सूत्र तेच धरा.

आधी गावात चक्कर मारा. वही घेऊन दहा घरं फिरा आणि विचारा, घरात काय बिघडून पडलंय? फवारणीचा पंप, सायकल, शिलाई मशीन, गळका नळ. हीच यादी तुमचा अभ्यासक्रम. सुरुवातीलाच देणगी मागून कॉम्प्युटर आणू नका. चार दिवसांत त्यावर गाणी लागतात.

शिकवणारा गावातलाच बघा. सुतार, वायरमन, शिलाई करणाऱ्या काकू. त्यांना थोडं का होईना मानधन द्या. सत्काराच्या नारळावर कुणाचं घर चालत नाही.

पहिला दिवस फवारणी पंपाचा ठेवा. पंप घरोघरी असतो आणि बहुतेक ठिकाणी गळत असतो. मालकाकडून तो आधी धुऊन घ्या, तरीही हातमोजे घालूनच उघडा. वॉशर झिजलाय का, गाळणीत कचरा आहे का, नोझल तुंबलंय का, हे मुलांनाच शोधू द्या. नोझल तोंडाने फुंकायचं नाही, तारेनेही टोकरायचं नाही. मऊ ब्रश आणि पाणी पुरे. (तोंडाने फुंकणारे आपल्या घरातही असतात. त्यांनाही त्या दिवशी बोलवा.)

पंप जोडला की त्यात मोजून साधं पाणी भरा. ३३ बाय ३३ फूट जागा आखा. हा झाला एक गुंठा. एकाने नेहमीच्या चालीने तेवढ्यात फवारणी करायची. उरलेलं पाणी मोजलं की किती लागलं ते कळतं. समजा चार लिटर लागलं. एकराचे चाळीस गुंठे, म्हणजे १६० लिटर, म्हणजे सोळा लिटरचे दहा पंप. मग दुसऱ्याला चालायला लावा. त्याचा आकडा वेगळा येतो आणि तिथंच वाद सुरू होतो. तो होऊ द्या, गणित त्यातच मुरतं. औषध किती घ्यायचं ते मात्र डब्यावरच्या लेबलाप्रमाणेच.

वेळ मुलींना विचारून ठरवा. रात्री आठची वेळ ठेवली तर फक्त मुलगेच येतील. शाळा सुटल्यावरची किंवा रविवार सकाळची बघा. खोलीचं दार उघडं ठेवा, एखादी काकू किंवा ताई हजर असू द्या.

हत्यारांची वही ठेवा. पकड, पाने, स्क्रूड्रायव्हर, टेस्टर, करवत, कानस एवढ्यावर भागतं. कुणी काय नेलं ते तारखेसह लिहा. किल्ली दर महिन्याला दुसऱ्याकडे द्या, अध्यक्षांच्या खिशात कायमची नको. विजेचं काम वायरमन समोर असल्याशिवाय नाही, आणि मेन स्विच बंद केल्यावरच.

दुरुस्तीचे पैसे घ्यावेत का? वॉशरची किंमत घ्या, मजुरी नको. गावातल्या मेकॅनिकचं गिऱ्हाईक तोडलं तर तो शिकवायला कशाला येईल?