बेळगावात मीडियाचं काम शोधायला येणाऱ्यांसाठी

चंदगड, आजरा, सावंतवाडीकडून, कधी सांगली-साताऱ्याकडूनही दरवर्षी काही पोरं-पोरी कुणाच्या तरी ओळखीनं माझ्याकडं येतात. प्रश्न ठरलेला: "मास कम्युनिकेशन झालंय, बेळगावात कुठं काम मिळेल?" प्रत्येकाला चहा पाजून तेच ते सांगण्यापेक्षा आता लिहूनच ठेवतो. मी मूळचा कोरेगावकडचा. पेपरात पानं लावायला इथं आलो, आता बेळगावातल्याच शहापुरात डिझाईन आणि भाषांतराचं स्वतःचं छोटं दुकान चालवतो. खाली आहे ते फक्त कामाबद्दल. खोली कुठं घ्यायची आणि मेस कुठली बरी, हे तुमचे मित्र माझ्यापेक्षा चांगलं सांगतील.

कॉलेजात शिकवलेली पदांची यादी इथं फारशी चालत नाही. कंटेंट रायटर, व्हिडिओ एडिटर, सोशल मीडिया मॅनेजर अशा वेगवेगळ्या खुर्च्या मोठ्या शहरात. इथं एकच माणूस सकाळी बातमीचं शूट करतो, दुपारी ते कापून आवाज भरतो आणि संध्याकाळी खडेबाजारातल्या एखाद्या कापड दुकानाची पोस्ट बनवून देतो. 'हे माझं काम नाही' म्हणणारा इथं टिकत नाही. ते योग्य आहे असं मी म्हणत नाही, पण आहे ते असं आहे.

पेपरपासून सुरुवात करू, कारण बेळगाव मुळात मराठी पेपरवाल्यांचं गाव. 'तरुण भारत' 1919 पासून इथला, 'पुढारी'ची इथली आवृत्ती निघते, शिवाय लहान दैनिकं, केबलवरच्या बातम्या आणि मोबाइलवरची पोर्टलं. येणाऱ्या प्रत्येकाला बातमीदार व्हायचं असतं. माझं मत विचाराल तर आधी डेस्कवर बसा. खेड्यातल्या वार्ताहराची व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली बातमी नीट करायची, मथळा द्यायचा, वेळेत पान छपाईला सोडायचं. वर्षभर हे केलंत की खानापूरपासून अथणीपर्यंतचा जिल्हा डोक्यात बसतो. कंग्राळी खुर्दची बातमी कंग्राळी बुद्रुकच्या नावावर छापलीत, की दुसऱ्या दिवशी सकाळी येणारे फोन तुम्हाला भूगोल शिकवतील. पान लावणाऱ्याला, म्हणजे डीटीपी ऑपरेटरला, लोक कमी समजतात. पण इनडिझाईन आणि कोरल ड्रॉ ही सॉफ्टवेअरं हाताखाली असलेला माणूस या गावात रिकामा बसलेला मी पाहिला नाही. मुद्रितशोधक ही जागा आता जवळजवळ गेलीच. तिच्या मागं लागू नका.

आता ज्या गोष्टीसाठी मुख्यतः हे लिहायला बसलो ती. वार्ताहर म्हणून घेतलं की मानधन किरकोळ असतं, पण 'जाहिरातीवर कमिशन आहे' असं सांगतात. ऐकायला बरं वाटतं. पुढाऱ्याचा वाढदिवस, दिवाळी, गावची जत्रा, शाळेचा सुवर्णमहोत्सव. तुम्ही शब्दावर जाहिरात घेता, ती छापून येते, साहेब खूश होऊन खांद्यावर हात ठेवतात. बिल घेऊन गेलात की "बघूया की पुढल्या म्हैन्यात" सुरू होतं. ऑफिसला साहेबांशी देणंघेणं नाही, जाहिरात तुमच्या नावावर आलेली असते. आधी कमिशन अडकतं, मग मानधनातून कापतात, आणि एक दिवस कळतं की आपण पेपरचे नोकर नसून देणेकरी आहोत. चंदगडकडचा एक पोरगा विधानसभेच्या आधी चार इच्छुकांच्या पानभर जाहिराती घेऊन बसला. चौघांपैकी तिकीट कुणालाच मिळालं नाही. चौघांचेही फोन बंद. पोरानं मोटारसायकल विकली आणि गावी गेला. लिहायला चांगला होता. असे किती गेले ते मी मोजायचं सोडून दिलंय.

म्हणून, कितीही ओळख असली तरी जाहिरात छापायला देण्याआधी रिलीज ऑर्डर, म्हणजे जाहिरात देणाऱ्याची लेखी ऑर्डर, हातात घ्या. लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह, आकार, तारीख, रक्कम आणि पैसे कोण देणार त्याचं नाव. 'मित्रमंडळातर्फे' दिलेल्या जाहिरातीत मित्रमंडळ म्हणजे नेमका कोण, ते लिहून घ्या. निम्मे पैसे आधी. कुणी "एवढा पण विश्वास नाही काय ओ?" म्हणालं तर हसून म्हणा, "ऑफिसचा नियम आहे." नियम नसला तरी म्हणा. उसनवारीवर एकही जाहिरात नको, पहिली तर नकोच नको, कारण पहिली दिलीत की दुसरी नाकारता येत नाही. निवडणुकीत आणखी एक लक्षात ठेवा. मतदानाच्या दिवशी आणि आदल्या दिवशी छापायच्या राजकीय जाहिरातीला एमसीएमसीची, म्हणजे निवडणुकीतल्या जाहिराती तपासणाऱ्या समितीची, आगाऊ मंजुरी लागते. ती नसेल तर पैसे मिळाले तरी जाहिरात घेऊ नका.

आणि हो, ओळखपत्रासाठी पैसे मागणारी पोर्टलं. 'डिपॉझिट भरा, प्रेस कार्ड आणि पोर्टलचं नाव लावलेला माइक घेऊन जा.' असल्या कार्डाला कवडीची किंमत नाही. अधिस्वीकृती, म्हणजे पत्रकार म्हणून सरकारी मान्यता, राज्य सरकारच्या माहिती आणि जनसंपर्क खात्याकडून, रीतसर नेमणूक असलेल्यालाच मिळते. गाडीवर 'प्रेस' लिहून नाक्यावर हुज्जत घालणाऱ्यांमुळं खऱ्या बातमीदारांची पत जाते. त्यात आपल्याकडून आलेलेच जास्त असतात, हे बोलायला लाज वाटते.

आता कन्नड. इथं बरेच जण माझ्यावर चिडतात. महाराष्ट्रातून येणाऱ्याला वाटतं, बेळगावात मराठी चालतं, मग कन्नड कशाला? गणपत गल्लीत भाजी घ्यायला मराठी चालतं. पोलिस ठाण्यात एफआयआर कन्नडमध्ये असतो, महापालिकेची नोटीस कन्नडमध्ये, जिल्हाधिकाऱ्यांचं परिपत्रक कन्नडमध्ये. ते वाचता येत नसेल, तर दुसऱ्यानं जे सांगितलं तेच तुमच्या बातमीत येणार. बोलायला वेळ लागतो, पण लिपी दोन महिन्यांत येते. दुकानांच्या पाट्या आणि बसचे बोर्ड वाचत फिरा. सीमाप्रश्नावर तुमचं मत काय ते तुमच्यापाशी ठेवा. माझंही आहे, आणि ते कन्नड शिकल्यानं बदललेलं नाही. उलट इथले जे मराठी लोक आयुष्यभर या प्रश्नासाठी लढले त्यांचं कन्नड तुमच्या-माझ्यापेक्षा अस्सल असतं. फेसबुकवर तावातावानं लिहिणारे आणि कन्नडची एक ओळ वाचता न येणारे बहुतेक आपल्याकडचेच नवखे.

आणि खरा पैसा या दोन भाषांच्या मधल्या कामातच आहे. दवाखान्याचं माहितीपत्रक, सोसायटीचा वार्षिक अहवाल, शाळेची प्रवेश जाहिरात, लग्नपत्रिका, सगळं दोन भाषांत लागतं. दोन्हीत टाइप करून, तपासून, मांडून देणारी माणसं थोडी आहेत. यात एक तांत्रिक खोच आहे. जुन्या कन्नड फाइली बहुतेक 'नुडी'च्या फॉन्टमध्ये असतात, मराठी फाइली 'श्रीलिपी'त. हे युनिकोड, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरवर सारखं चालणारं टायपिंग, नव्हे. मजकूर एकीकडून उचलून दुसरीकडं टाकलात की अक्षरांचा काला होतो, आणि कन्नड वाचता येत नसेल तर तो काला तुम्हाला दिसतही नाही. फ्लेक्सवाल्याकडं फाइल पाठवण्याआधी अक्षरं कर्व्ह करा, म्हणजे फॉन्टचं चित्र करून टाका, आणि एक प्रिंट काढून कन्नड जाणणाऱ्याकडून वाचून घ्या. गिऱ्हाइकाच्या आजोबांचं नाव चुकलेली पत्रिका कुणी पैसे देऊन नेत नाही.

पाट्यांची कामं घेणार असाल तर आणखी एक. कर्नाटकातला कन्नड भाषा सर्वंकष विकास कायदा 2022 चा, त्यात 2024 ला दुरुस्ती झाली. दुकानाच्या पाटीवर 60 टक्के कन्नड हवं आणि तेही वरच्या भागात. गिऱ्हाईक म्हणणार, "मराठी मोठं घ्या, बघून घेतो मी." पाटी उतरवायची वेळ आली की तेच गिऱ्हाईक पैसे देताना तुम्हाला बघून घेणार. आधी माप दाखवा, मंजुरीची सही घ्या, मग छापा.

लग्नाचे फोटो आणि व्हिडिओ यावर फार लिहीत नाही, ते सगळ्यांना ठाऊक असतं. कर्ज काढून पहिल्याच वर्षी महागडा कॅमेरा घेऊ नका, भाड्यानं मिळतो. पावसाळ्यात इथली हवा इतकी ओली असते की उघड्यावर ठेवलेल्या लेन्सला बुरशी धरते. हवाबंद डबा आणि सिलिका जेल घ्या. ड्रोनचं मात्र गांभीर्यानं घ्या. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र शहरातच आहे, सांबऱ्याला विमानतळ आणि हवाई दलाचं केंद्र. उडवण्याआधी सरकारच्या डिजिटल स्काय या ड्रोनच्या नकाशावर जागा बघा. 250 ग्रॅमच्या वरचं ड्रोन धंद्यासाठी उडवायचं तर रिमोट पायलट प्रमाणपत्र लागतं, आणि 2021 च्या नियमांनुसार दंड एक लाखापर्यंत जाऊ शकतो. नवरीच्या मामाचा आग्रह हे कारण तिथं चालत नाही.

आवाजाचं काम करायचं असेल तर केएलई या शिक्षणसंस्थेचं 'वेणुध्वनी' हे सामुदायिक रेडिओ केंद्र आहे. अशा ठिकाणी पगाराची आशा धरू नका, माइकसमोर बसायची सवय मात्र लागते.

बाहेरच्यांना ठाऊकच नसलेलं एक काम म्हणजे शिवजयंतीचे चित्ररथ. बेळगावात पारंपरिक शिवजयंती वैशाख शुद्ध द्वितीयेला होते आणि चित्ररथांची मिरवणूक रात्रभर चालते. एकेका मंडळाच्या ट्रॉलीवर जिवंत देखावा असतो. त्यामागं किती माणसं लागतात बघा: प्रसंग लिहिणारा, निवेदनाला आवाज देणारा, ते ध्वनिमुद्रित करून त्यात तलवारींचा खणखणाट आणि घोड्यांच्या टापा भरणारा, पडदे रंगवणारा, रंगभूषा करणारा, पोशाख भाड्यानं देणारा, दिवे सांभाळणारा. कॉलेजात ज्याला स्क्रिप्ट, साउंड डिझाईन, आर्ट डायरेक्शन म्हणून शिकवतात ते सगळं इथं एका ट्रॉलीवर मावतं. कामाची बोलणी महिना-दीड महिना आधी सुरू होतात, त्यामुळं एप्रिल उजाडल्यावर विचारलंत तर उशीर झालेला असतो. गल्लीतल्या मंडळाच्या बैठकीला जाऊन बसा, पहिल्या वर्षी निवेदनाचा मजकूर लिहून द्या. लिहिताना इतिहासाचं पुस्तक उघडून लिहा. या गावात मिरवणूक बघायला उभी असलेली म्हातारी माणसं सनावळीची चूक जागच्या जागी ओरडून सांगतात. पैसे मंडळाच्या अध्यक्षाकडून नव्हे, खजिनदाराकडून घ्या, आणि मिरवणुकीच्या आधी घ्या. नंतर सगळे झोपलेले असतात आणि वर्गणी संपलेली असते.

थंडीत तालुक्यातल्या मराठी साहित्य संमेलनांचा हंगाम असतो. कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा. स्मरणिका, बॅनर, सूत्रसंचालन, व्हिडिओ अशी कामं निघतात. मोबदला थोडा, पण तिथल्या मांडवात ज्या ओळखी होतात त्यांवर पुढची दोन-तीन वर्षं निघतात. नाटकवाल्यांनी लोकमान्य रंगमंदिरातल्या प्रकाश आणि ध्वनीच्या माणसांशी दोस्ती करावी. 2015 ला अखिल भारतीय नाट्यसंमेलन बेळगावात झालं, तेव्हाच्या धावपळीत शिकलेली काही पोरं आज स्वतःची साउंड सिस्टीम बाळगून आहेत.

आणि हिवाळी अधिवेशन. साधारण डिसेंबरात अख्खं सरकार हलग्याजवळच्या सुवर्णसौधात, म्हणजे कर्नाटकाच्या इथल्या विधानभवनात, येतं, आणि त्यांच्यामागं बेंगळुरूची चॅनेलं. त्यांना स्थानिक कॅमेरामन लागतो, रस्ते माहीत असलेला माणूस लागतो, मराठी आंदोलकांचं बोलणं कन्नडमध्ये सांगणारा लागतो. रोजावर पैसे बरे मिळतात आणि ही माणसं व्यवहाराला चोख असतात, हे मी आपल्या काही मराठी गिऱ्हाइकांबद्दल म्हणू शकत नाही. नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच ओळखी काढून ठेवा. एक नोव्हेंबरला तर फोटोग्राफरला उसंत नसते. सकाळी सीमाप्रश्नावरची मराठी लोकांची काळ्या दिनाची फेरी, त्याच दिवशी चन्नम्मा सर्कलला कर्नाटक राज्योत्सवाची गर्दी. दोन्हीकडं जा, दोन्हीकडं गप्प राहा, गळ्यात कुठल्याही रंगाचा पट्टा नको.

हिशेबाचं थोडक्यात. सेवेची उलाढाल वर्षाला 20 लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणीची सक्ती नाही, कोल्हापूरच्या गिऱ्हाइकाला डिझाईन करून दिलंत तरीही. बिल मात्र प्रत्येक कामाचं करा.

गाडी एमएच पासिंगची असेल, तर तणावाच्या दिवसांत ती घेऊन शूटला जाऊ नका. डिसेंबर 2022 ला हिरेबागेवाडी टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगड पडले होते. तसंही बारा महिन्यांच्या वर गाडी इथं राहणार असेल तर इथली नोंदणी करून घ्यावी लागते. त्यासाठी एनओसी मूळच्या आरटीओतून आणायची असते. ती गणपतीला गावी जाल तेव्हाच काढून आणा, नाहीतर त्यासाठी कामाचे दोन दिवस मोडतात.