बांबोच्चोच्या रीतीनं मुंबईचा रस्ता कसा रंगवावा

हार्लेमचा पीटर फान लार साधारण १६२५ ते १६३९ रोममध्ये राहिला. अंगाच्या बेढब ठेवणीवरून त्याला ‘इल बांबोच्चो’, म्हणजे ओबडधोबड बाहुला, हे नाव पडलं. त्यानं संत-देवदूत न रंगवता रस्त्यावरचे केकवाले आणि बोटांचा ‘मोरा’ खेळणारे रंगवले. मागून त्याच्याच रीतीनं रंगवणाऱ्या चित्रकारांना बांबोच्चांती म्हणतात.

मुंबईत या रीतीसाठी हॉर्निमन सर्कलच्या कमानी उत्तम. त्याच्या चित्रात पडक्या भिंती जे काम करतात ते इथे दगडी खांब करतात: निम्मं चित्र सावलीत जातं आणि उन्हात आलेला माणूस आपोआप उठून दिसतो.

कॅनव्हास ३० × ४० सेंटिमीटरचाच घ्या. मोठा घेतला की माणसं मोठी होतात आणि प्रसंग जाऊन व्यक्तिचित्र उरतं. सगळ्यात उंच माणूस दहा सेंटिमीटरच्या आत ठेवा.

आधी जमीन, म्हणजे चित्राखालचा रंगाचा थर, तयार करा. बर्न्ट अंबर या गडद तपकिरी तैलरंगात थोडा पांढरा आणि टर्पेंटाइन घालून पातळ थर द्या, चिंधीनं पुसा. कडक चहाचा रंग आला पाहिजे. अंबरमधल्या मँगनीजमुळे हा थर लवकर वाळतो. पांढऱ्या कॅनव्हासवर थेट सुरुवात केली तर सावल्या खडूसारख्या दिसतात, हे पुढे सुधारत नाही.

उन्हं तिरपी असताना ४बी पेन्सिलीनं वीसेक रेखाटनं करा, प्रत्येकी दोन मिनिटं. चेहरे काढूच नका. गंमत देहबोलीत असते: उंचावरून चहा ओतणारा, पांढरा शर्ट वाचवायला कंबरेत मागे वाकलेला गिऱ्हाईक, वडापावकडे मान वर करून बसलेलं कुत्रं. नाक-डोळे वाकडे केले की व्यंगचित्र होतं. बांबोच्चोची माणसं खरीच दिसतात, म्हणून तर चित्रकारांची चरित्रं लिहिणाऱ्या पास्सेरीनं त्याच्या चित्रांना उघड्या खिडकीची उपमा दिली.

पाच-सहाच माणसं निवडा. दोन तरी पाठमोरी हवीत. सगळी एका रेषेत उभी केली तर शाळेचा ग्रुप फोटो होतो, आणि ही चूक जवळजवळ प्रत्येकाकडून होते.

तैलरंगाचा पहिला थर टर्पेंटाइननं, दुसरा दोन भाग टर्पेंटाइनला एक भाग जवसाचं तेल, तिसरा समसमान. उलट केलं तर खालचा तेलकट थर हलत राहतो आणि वरच्याला तडे जातात. सावल्या पातळ ठेवा, खालची जमीन त्यातून दिसू द्या. जाड रंग फक्त उजेडात, तोही शर्टावर नि किटलीच्या कडेवर.

पावसाळ्यात प्रत्येक थराला दुप्पट वेळ धरा. कॅनव्हास भिंतीला टेकवू नका, मागे बुरशी धरते. पंख्याच्या वाऱ्यात, पण उन्हापासून लांब ठेवा. व्हार्निश सहा महिन्यांनी, कोरड्या हवेत. दमट दिवशी लावलं तर त्यावर दुधी धुकं धरतं.