बर्लिनची तयारी: तिकीट काढलं म्हणजे झालं नाही

पासपोर्ट, व्हिसा, विमा हे सांगत बसत नाही. विमा किमान ३०,००० युरोंचा आहे ना आणि पासपोर्ट परतीनंतर निदान तीन महिने चालतोय ना, एवढं बघा. औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. स्वेटर, उन्हाळा असला तरी.

खाऊच्या पिशवीपाशी मात्र जरा थांबा. युरोपीय संघात बाहेरून दूधदुभत्याचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे साजूक तुपाची बरणी, पेढे, बर्फी घरीच. आंबेही नाहीत, कितीही कागदात गुंडाळले तरी. मेतकूट, खाकरे, कोरडी चटणी न्या.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलोय ते. बर्लिनच्या यू-बान (मेट्रो), एस-बान (लोकल) स्टेशनांवर फाटकं नसतात. जिना उतरलात की थेट फलाट, अडवायला कुणी नाही. मशीनमधून कागदी तिकीट काढलंत तरी बहुतेकदा ते अजून सुरू झालेलं नसतं. फलाटावर छोटी पेटी असते, तिच्या फटीत तिकीट घालून तारीख-वेळेचा शिक्का मारून घ्यायचा. बस आणि ट्रामला ही पेटी आत असते. शिक्का नाही म्हणजे तिकीट नाही, मग खिशात ते असेना का.

आम्ही डोंबिवलीची माणसं. लोकलची कूपनं पंच करण्यात निम्मं तारुण्य गेलं, एक मशीन बंद म्हणून दुसऱ्याकडे धावताना गाड्या सोडल्या. आणि बर्लिनमध्ये आईचं नि माझं तिकीट काढून मी ऐटीत गाडीत चढलो. दार बंद झालं, शेजारच्या हूडीवाल्या मुलानं इअरफोन काढले आणि ओळखपत्र पुढे केलं. टीसी! मी तिकिटं दिली. त्यानं ती उलटसुलट केली, कोऱ्या कडेवर अंगठा टेकवला आणि मान हलवली. माणशी ६० युरो दंड. आई विचारतेय, "अरे, तू तिकीट काढलं होतंस ना?" काढलं होतं गं! दहा हजारांच्या वर रुपये गेले, ते तिकीट काढूनही.

पर्यटक आहोत, माहीत नव्हतं, यातलं काही चालत नाही. त्यांच्याही बाजूनं बघा: कोरं तिकीट ठेवून माणूस महिनाभर फुकट फिरू शकतो. तेव्हा शिक्का. २४ तासांच्या तिकिटालाही शिक्का, तास तिथूनच मोजतात. एकदाच मारा, गाडी बदलताना पुन्हा नको. मोबाइलवरच्या तिकिटाला ही भानगड नाही, पण ते चढायच्या आधी काढा, टीसी दिसल्यावर नव्हे. एकेरी तिकीट दोन तास चालतं, पण एकाच दिशेनं; त्याच तिकिटावर परत यायचं नाही.

रविवार. दुकानं बंद, किराणाही बंद. शनिवारी दूध-ब्रेड भरून ठेवा. अडलंच तर मुख्य रेल्वे स्टेशनातलं सुपरमार्केट उघडं असतं, तिथे सगळं शहर लोटतं. कॅशियर वस्तू भराभरा पुढे ढकलतो, पिशवी आपली आपण भरायची, आणि मागची रांग तुमच्याकडे बघत असते. पाण्याच्या प्लॅस्टिक बाटलीवर २५ सेंट अनामत असते. रिकामी बाटली टाकू नका, दुकानातल्या मशीनला द्या, चिठ्ठी मिळेल, ती काउंटरवर दाखवून पैसे परत. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे, हॉटेलात मात्र फुकटचा पाण्याचा ग्लास समोर येत नाही. नुसतं पाणी मागितलं तर फसफसणारं येतं, "श्टिल" म्हणा. नोटा जवळ ठेवा, कार्ड न घेणारी उपाहारगृहं अजून पुष्कळ आहेत. टीप पाच ते दहा टक्के, पैसे देतानाच एकूण रक्कम सांगायची. टेबलावर ठेवून निघून जायचं नाही.

फुटपाथवरचा लालसर पट्टा सायकलींचा. त्यावर फोटो काढत उभे राहू नका, सायकलवाले थांबत नाहीत, ओरडतात. सिग्नल लाल असेल तर रस्ता रिकामा असला तरी थांबा, विशेषतः शेजारी लहान मूल असेल तर. नाझींनी मारलेल्या ज्यूंच्या स्मारकाच्या २७११ शिळा चढायला किंवा पोज द्यायला नाहीत. हे सांगावं लागतं याचीच लाज वाटते.

राइशटागचा, म्हणजे जर्मन संसदेच्या इमारतीचा, काचेचा घुमट फुकट आहे, पण नाव आधी ऑनलाइन नोंदवा आणि पासपोर्ट बरोबर न्या. पेर्गामोन संग्रहालय २०२३ च्या ऑक्टोबरपासून दुरुस्तीसाठी बंद केलंय, जुन्या गाइडबुकांवर विसंबू नका. बरीच संग्रहालयं सोमवारी बंद. रात्री दहानंतर घरात आवाज नको.

परतताना एक. विमानतळ सी झोनमध्ये आहे, शहरात चालणारं एबी तिकीट तिथवर पुरत नाही. एबीसी काढा. आणि शिक्का, कितीही बॅगा असल्या तरी, गाडी समोर उभी असली तरी. पुढची गाडी येते.