पावसाळ्याआधी कुऱ्हाडीचा दांडा आणि पातं
मुंबईच्या पावसाळी हवेत उघडं लाकूड फुगतं. ऑक्टोबरात वाळून आकसलं की पातं डुगडुगायला लागतं. म्हणून मे महिन्यातच दांड्याला तेल द्या. त्यासाठी आधी त्यावरचं व्हार्निश खरवडा, 120 आणि मग 220 नंबरच्या पॉलिश पेपरने रेषांच्या दिशेने घासा. डबल बॉइल्ड (लवकर वाळणाऱ्या) जवसाच्या तेलाचा पातळ हात द्या, 20 मिनिटांनी उरलेलं पुसा. पुसलं नाही तर वर चिकट साय धरते. असे 3 हात, मध्ये 24 तास. खालचं टोक आणि पाचरीजवळचा भाग तेल जास्त पितो, तिथे सढळ लावा. तेलाच्या चिंध्यांचा बोळा टाकू नका, आपोआप पेटू शकतो, पसरून वाळवा. पात्याचा गंज रॉकेल आणि तारेच्या घासणीने काढा, कोरडं करून मशीन ऑइल चोपडा. चामड्याच्या म्यानात ठेवू नका, ते ओल धरतं.