पहिला पीसी जोडताय? ग्राफिक्स कार्ड नंतर घेतलं तरी चालेल
बजेट तुटपुंजं असेल तर पहिल्याच दिवशी ग्राफिक्स कार्डामागे धावू नका. एएमडी कंपनीच्या रायझन ५ ५६००जीसारखा प्रोसेसर घ्या. त्यात ग्राफिक्स आतच असतं. अभ्यास, कोडिंग, हलके गेम आरामात चालतात. इंटेलचा घेणार असाल तर नावातलं शेवटचं अक्षर नीट बघा. आय३ १२१००एफसारखा 'एफ'वाला स्वस्त पडतो खरा, पण वेगळ्या कार्डाशिवाय स्क्रीनवर काहीच दिसणार नाही.

रॅम १६ जीबीची एकच स्टिक न घेता ८-८च्या दोन घ्या. दोन स्टिक एकत्र काम करून जास्त वेग देतात आणि आतलं ग्राफिक्स हीच रॅम वापरतं, त्यामुळे गेममध्ये फरक चटकन जाणवतो. मदरबोर्डवर (सगळे भाग जिथे जोडतात तो मुख्य बोर्ड) रॅमचे चार स्लॉट असतील तर बहुधा प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावायच्या असतात. मॅन्युअल एकदा उघडून बघाच.

पैसे वाचवायचेच तर कॅबिनेटवर वाचवा, एसएमपीएसवर (पीसीला वीज पुरवणाऱ्या भागावर) अजिबात नको. कॅबिनेटसोबत फुकट मिळणारा एसएमपीएस दुकानातच ठेवा. चांगल्या कंपनीचा ५५० वॉटचा घेतलात, तर पुढे मध्यम ताकदीचं कार्ड लावतानाही तोच कामी येईल.

आणि रायझनसाठी बी४५० चिपसेटचा जुना मदरबोर्ड स्वस्तात मिळत असेल, तर ५६००जीसाठी त्याचं बायोस (बोर्ड सुरू करणारं आतलं सॉफ्टवेअर) अपडेट केलंय का, हे पैसे देण्याआधी विचारा.