लष्करी रिव्हॉल्वरवर ठोकलेले ठसे कसे वाचावेत

आधी कायदा पाहावा. .३८० आणि .४५५ ची लष्करी काडतुसे घेणारी रिव्हॉल्वरे आपल्याकडे निषिद्ध बोअरमध्ये (बोअर म्हणजे नळीचा आतला व्यास) मोडतात, म्हणून त्यांना जिल्हाधिकाऱ्यांचा साधा परवाना पुरत नाही. दुरुस्ती करूनही जे कधीच झाडता येणार नाही, अशा जुन्या शस्त्राला मात्र १९५९ च्या शस्त्र कायद्यात सवलत आहे.

गोव्याच्या दमट, खाऱ्या हवेत लोखंडावर गंज लवकर चढतो. तरीही घासकागद लावू नये, कारण बोथट झालेला ठसा पुन्हा उमटत नाही. शस्त्र रिकामे असल्याची खात्री करून मऊ कपड्याने थोडे तेल फिरवावे आणि तिरप्या उजेडात भिंगाने पाहून प्रत्येक अक्षर त्याच्या जागेसह वहीत उतरवावे.

ब्रिटिश शस्त्रावर प्रथम रुंद बाण शोधावा. ती सरकारी मालकीची खूण आहे. दोन बाणांची टोके एकमेकांना भिडलेली असतील, तर ते शस्त्र सेवेतून काढून विकलेले असते. एनफील्ड नं. २ या ब्रिटिश लष्करी रिव्हॉल्वरच्या सांगाड्यावर उजव्या बाजूला मुकुट, कारखान्याचे नाव, मार्क (म्हणजे मॉडेलची आवृत्ती) आणि वर्ष असते. १९३८ पासूनच्या तारांकित मार्कमध्ये घोड्याला (हॅमरला) अंगठ्याने ओढायचे टोक नसते. पण १९३४ चे वर्ष कोरलेल्या रिव्हॉल्वरलाही बिनटोकाचा घोडा दिसला, तर त्याला लगेच बनावट ठरवू नये, कारण जुनी अनेक रिव्हॉल्वरे पुढे लष्करी कार्यशाळांत बदलून घेतली गेली. माझ्या मते असे बदललेले नगच अधिक बोलके असतात. वेब्ली या ब्रिटिश कंपनीच्या रिव्हॉल्वरवरचा ‘वॉर फिनिश’ हा शिक्का घाईच्या उत्पादनातल्या ओबडधोबड पृष्ठभागाचा खुलासा आहे, तो दोष समजू नये. स्मिथ अँड वेसन या अमेरिकी कंपनीच्या व्हिक्टरी मॉडेलचा अनुक्रमांक मुठीच्या तळाशी ‘व्ही’ या अक्षराने सुरू होतो.

१९६१ पर्यंत इथे पोर्तुगीज राजवट होती, त्यामुळे गोव्यातल्या संग्राहकाला पोर्तुगीज सैन्याचे ‘आबादी’ (Abadie) रिव्हॉल्वरही ओळखता आले पाहिजे. अधिकाऱ्यांसाठीचे १८७८ चे आणि सैनिकांसाठीचे १८८६ चे, ही दोन्ही मॉडेले बेल्जियममधील लिएज येथे बनली. म्हणून त्यांवर लंबगोलात ई, एल, जी ही अक्षरे दिसतात. ती शस्त्र सुरक्षितपणे झाडता येते का हे पाहणाऱ्या लिएजच्या चाचणीची खूण आहे, पोर्तुगीज सैन्याची नव्हे. लंबगोलावर मुकुट असेल, तर ती चाचणी १८९३ किंवा त्यानंतरची समजावी.

नोंद पूर्ण झाल्यावर शस्त्र चामड्याच्या म्यानात ठेवू नये. पावसाळ्यात चामडे ओल धरते आणि गंज नेमका ठशांच्या खाचांतच सुरू होतो.